भरून चढलेली पिकअप रिकामी उतरवताना: अटल टनेलच्या बर्फात सोलापूरची गाडी आणि टायरची चेन

हे प्रकरण दोन हिवाळ्यांमागचं आहे. कुणाचंही नाव टाकलेलं नाही, फक्त जे घडलं ते घडलं तसं लिहितोय. मी त्या वेळी टूर मॅनेजर म्हणून सोबत होतो, म्हणजे पुढं जे निर्णय येतील त्यात माझाही हात आहे. सोलापूर, बार्शी, पंढरपूर भागातून किचनची गाडी घेऊन हिवाळ्यात मनालीकडं जाणारे बरेच जण आहेत, त्यातल्या एखाद्याचा जरी त्रास वाचला तरी लिहिल्याचं सार्थक झालं असं मी समजेन.

पार्श्वभूमी

आमच्या दादांचा सहलीचा व्यवसाय आहे. आपल्या लोकांना चार दिवस झाले की भाकरी लागते, मग गावाकडनं आचारी, भांडी, भट्ट्या, ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, काळा मसाला असं सगळं एका पिकअपमध्ये घालून ती गाडी दोन दिवस आधी मनालीला पोचवायची आणि सीझनभर तिथंच ठेवायची, अशी पद्धत. गाडी एमएच १३ पासिंगची, नॅशनल परमिट असलेली, साधी मागच्या चाकांवर चालणारी पिकअप, फोर बाय फोर नाही. टायर २१५/७५ आर १५, म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, कडेची उंची त्या रुंदीच्या ७५ टक्के आणि रिम १५ इंची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

ड्रायव्हरमामा बावीस वर्षं गाडी चालवतायत. खंबाटकी, आंबोली, करूळ सगळे घाट रात्री-अपरात्री चढलेत उतरलेत, काळ्या रानात पाऊस पडल्यावर ऊस-डाळिंबाच्या बांधावरनं भरलेली गाडी बाहेर काढलीय. चाकाला काथ्याचा दोर गुंडाळून चिखलातनं गाडी काढायची त्यांची हातोटी मी स्वतः बघितलीय. पण बर्फावर गाडी त्यांनी कधी चालवली नव्हती, आणि आम्ही कुणी त्यांना तसं विचारलंही नव्हतं. बावीस वर्षांचा अनुभव आहे म्हणल्यावर विषय संपला असं आम्ही धरून चाललो.

चेन, म्हणजे बर्फावर घसरू नये म्हणून टायरवर घालायची लोखंडी साखळी, आमच्याकडं होती. जाताना हायवेवरच्या एका दुकानातनं घेतली होती, दुकानदारानं विचारलं रिम किती इंची, मामा म्हणाले पंधरा, त्यानं पंधरा इंचीची पेटी काढून दिली. ती पेटी सीटच्या मागं तशीच सीलबंद पडून होती.

जागा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मनाली साधारण २००० मीटर उंचीवर. तिथनं पलचान, सोलांग नाला, धुंदी असं चढत चढत अंदाजे २५ किलोमीटरवर अटल टनेलचं अलीकडचं तोंड लागतं, ते ३०६० मीटरवर. टनेल ९.०२ किलोमीटर लांब, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झालं. त्याच्या आधी पलीकडच्या लाहौल खोऱ्यात जायला ३९७८ मीटरचा रोहतांग पास ओलांडावा लागायचा आणि हिवाळ्यात तो बंदच असायचा. आता टनेलमधून बाहेर पडलं की चंद्रा नदीच्या काठानं थोडं पुढं सिस्सू. तिथं बर्फ हमखास असतो, म्हणून सगळ्या सहलींचा एक दिवस सिस्सूचा असतोच.

आमचाही होता. ३८ माणसं, त्यांना लोकल गाड्या, आणि जेवण आमच्या पिकअपमधनं.

अडचण काय झाली

सकाळी आकाश निरभ्र होतं. रस्ता कोरडा, कडेला जुना बर्फ. हौद्यात भरलेले पातेले, पाण्याचे ड्रम, भट्ट्या, सिलिंडर, टेबलं असं दणकून वजन होतं आणि गाडी मस्त चढली. मामा म्हणाले पण, उगा भीती घालतात लोक.

साडेबाराला पलीकडच्या डोंगरावर ढग उतरले. आमचं जेवण वाढणं चालू होतं. सिस्सूत होमस्टे चालवणारा एक लाहौली गृहस्थ आमच्या अण्णांकडं, म्हणजे आचाऱ्याकडं, चहा प्यायला आला आणि हिंदीत म्हणाला की तासाभरात पडेल, गाडी काढायची तर आत्ता काढा. अण्णांनी मला सांगितलं. मी म्हणलं पंगत उठू दे. हा पहिला निर्णयाचा क्षण होता आणि तो मी घालवला. पंगत अर्धी झाली होती, म्हातारी माणसं बसली होती, त्यांना उठवायचं कसं, असं माझ्या मनात होतं. तेव्हा तेच बरोबर वाटलं.

दीडला बर्फ सुरू झाला. अडीचपर्यंत चार बोटं साठला. लोकल ड्रायव्हरांनी आपापल्या फोर बाय फोरमध्ये आमची सगळी माणसं भरून खाली नेली, ते काम त्यांनी अगदी चोख केलं, त्यांचे आभार मानावे तेवढे कमी. मागं राहिलो चौघं: मामा, अण्णा, एक वाढपी पोरगा आणि मी. आणि पिकअप.

आणि पिकअप आता रिकामी होती. ३८ माणसांचं जेवण संपलेलं, पाण्याचे ड्रम रिते. सकाळी ज्या वजनानं मागची चाकं रस्त्याला धरून होती ते वजनच गेलं होतं. मामांनी गाडी स्टार्ट करून पहिल्यात टाकली तर मागची दोन्ही चाकं जागच्या जागी फिरली, खालचा बर्फ घासून दोन मिनिटांत काचेसारखा झाला, आणि गाडी आडवी होऊन फूटभर नदीच्या बाजूला सरकली. मामांनी इंजिन बंद केलं आणि काहीच बोलले नाहीत. मी त्यांना इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं.

पर्याय काय होते

एक, गाडी तिथंच लावून होमस्टेत मुक्काम करायचा. माणसं सुरक्षित, गाडीही सुरक्षित. अडचण अशी की रात्री मनालीत ३८ जणांचं जेवण आणि सकाळचा नाष्टा आमच्या गळ्यात, आणि भांडी सगळी या गाडीत. दुसरी अडचण मामांनी हळूच सांगितली: रेडिएटरमध्ये कूलंट नाही, सोलापुरात उन्हाळ्यात टॉपअप करत करत निम्म्याहून जास्त साधं पाणीच झालंय. रात्री ते गोठलं तर फुगून रेडिएटर नाहीतर ब्लॉक फाटणार. (पाण्याचा बर्फ होताना आकारमान साधारण ९ टक्के वाढतं, त्यामुळं ही भीती खरीच होती. पण पाणी रात्रीपुरतं काढून ठेवता आलं असतं, हे आम्हाला त्या गडबडीत सुचलं नाही.)

दोन, दुसऱ्या गाड्यांच्या चाकोरीतनं चेन न लावता हळूहळू जायचं. वाढपी पोरगा म्हणत होता जमेल. मामांनी एका शब्दात नाही म्हणलं.

तीन, रस्ता साफ करणाऱ्या मशीनची वाट बघायची. पण संध्याकाळ झाली की वितळलेलं पाणी परत गोठतं आणि त्याचा पातळ थर डांबरावर बसतो, तो डोळ्याला दिसतही नाही, रस्ता नुसता ओला वाटतो. उशीर जास्त वाईट.

चार, चेन लावून आत्ताच निघायचं.

मी मनालीत दादांना फोन लावला. दादा म्हणाले, जेवणाचं मी हॉटेलवाल्याशी बोलतो, तुम्ही जिवाला जपा. म्हणजे पहिल्या पर्यायातली सगळ्यात मोठी अडचण त्या फोनमध्येच सुटली होती. तरी आम्ही चौथा पर्याय घेतला. का, तर चेन आहे ना आपल्याकडं, हे एकच डोक्यात. चेन नसती तर आम्ही निवांत मुक्काम केला असता, असं मला आज अगदी मनापासून वाटतं.

काय केलं

पेटी फोडली. चेन टायरवर मागनं टाकली, आतल्या बाजूचा हूक लावायला मामा गाडीखाली आडवे झाले, आणि हूक काही कडीपर्यंत पोचेना. ओढून ओढून वीतभर आणि वर दोन बोटं अंतर राहतंय. पंचवीस मिनिटं झटलो. लोकरीचे हातमोजे भिजून कडक झाले, ते काढले तर लोखंड बोटाला चिकटल्यासारखं होतंय. शेवटी पेटीवरचे बारीक अक्षर मोबाईलच्या उजेडात वाचले, त्यात १८५/६५ आर १५ असं होतं. म्हणजे छोट्या कारची.

इथं गणित सांगतो कारण चूक नेमकी इथंच होते. रिम दोन्हीकडं पंधरा इंचीच. पण १८५/६५ टायरची उंची साधारण ६२१ मिलिमीटर आणि आमच्या २१५/७५ ची ७०३. घेर काढला तर एकाचा १९५० मिलिमीटरच्या आसपास, दुसऱ्याचा २२१०. फरक २६० मिलिमीटरचा. तीच ती वीत आणि दोन बोटं. चेन रिमवर बसत नाही, टायरवर बसते, त्यामुळं टायरच्या कडेवरचा पूरा आकडा वाचूनच घ्यायची असते. आम्हाला दुकानात कुणी तो आकडा विचारला नाही आणि आम्हीही सांगितला नाही.

तेवढ्यात तो लाहौली गृहस्थ परत आला, आमची दशा बघितली आणि घरातनं स्वतःच्या पिकअपची जुनी चेन घेऊन आला. शिडीसारखी, आडव्या कड्यांची. आमच्या टायरला थोडी सैल होती. त्यानं लावायची पद्धत शांतपणे दाखवली, ती लिहितो: आधी चेन बर्फावर पसरून पीळ काढायचा, टायरवरनं टाकायची, आतला हूक आधी आणि बाहेरचा नंतर, हुकाचं उघडं तोंड टायरपासून बाहेरच्या बाजूला राहिलं पाहिजे नाहीतर टायरची कड कापते. मग गाडी अर्धा फेर पुढं घ्यायची, सैल निघालेली कडी परत आवळायची, वरनं रबर ताणून लावायचं. शंभर पावलं चालवून परत उतरून आवळायची. हवा कमी करायची नाही. आणि चेन जी चाकं इंजिन फिरवतं त्यांना लावायची, आमची मागची.

मग त्यानं हौद्यात डोकावून विचारलं, हे रिकामंच नेणार? त्याच्या त्या एका प्रश्नानं आमचे डोळे उघडले. चेन काम करते ती वजनावर. त्या चाकावरचं सगळं वजन चार-दोन कड्यांवर येतं म्हणून त्या कड्या बर्फात रुततात. वरनं वजनच नसेल तर चेन बर्फावर नुसती खरवडत जाते. आम्ही पिठाची रिकामी पोती काढली, नदीकडच्या बाजूची रेती-खडी भरली, चार पोती, अंदाजे दोनशे किलो, आणि ती फाळक्याजवळ न ठेवता बरोबर मागच्या ॲक्सलच्या वर रचून दोरानं आवळली. सुटी पोती ब्रेकला पुढं सरकली तर उलटा त्रास.

साडेचारला निघालो. दुसऱ्या गिअरमध्ये, पंधरा-वीसच्या स्पीडनं. आणि गाडी खरंच चालली, खर्र खर्र आवाज करत सरळ रेषेत चालली. आम्ही सगळे हसलो, अण्णांनी सिद्धरामेश्वरांचा जयजयकार केला.

दुसरा निर्णयाचा क्षण टनेलच्या तोंडाशी आला. आत नऊ किलोमीटर रस्ता कोरडा असतो. कोरड्या रस्त्यावर चेन चालवायची नसते, कडी घासते, तापते, तुटते. म्हणजे इथं काढायची आणि पलीकडं परत लावायची. मामांची बोटं तोवर सुजली होती, परत तो सगळा खटाटोप करायचं त्यांच्या जिवावर आलं आणि माझ्याही. मी म्हणलं सावकाश जाऊ, तुटतेय कशाला. पंचवीसच्या स्पीडनं बावीस मिनिटं. अर्ध्यात ठक्क असा आवाज झाला आणि मग प्रत्येक फेऱ्याला ठक, ठक, ठक. एक आडवी कडी तुटून चाबकासारखी मडगार्डच्या आत आपटत होती. टनेलमध्ये थांबायचं नाही, मागं गाड्यांची रांग. ते चार-साडेचार किलोमीटर मी कधी विसरणार नाही, कारण मडगार्डच्या आत नुसता पत्रा नसतो, ब्रेकचा पाइपही तिथनंच जातो.

बाहेर पडल्यावर बाजूला घेऊन मामांनी टॉर्च मारली. पाइप घासून चकचकीत झाला होता, फुटला नव्हता. तुटकी कडी तारेनं बांधली आणि उतार सुरू केला.

तिसरा क्षण म्हणजे तो उतार. मामांनी नियम बरोबर पाळला होता, पहिला गिअर, क्लचला पाय नाही, इंजिनवरच गाडी रोखायची. पण धुंदीच्या खाली एका वळणावर समोर एक कार आडवी अडकलेली दिसली आणि बावीस वर्षांच्या सवयीनं पाय ब्रेकवर गेला. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढं येतं, ब्रेकचं जास्त काम पुढची चाकं करतात, आणि आमच्या पुढच्या चाकांना तर चेन नव्हतीच. पुढची चाकं लॉक झाली, स्टिअरिंग पूर्ण डावीकडं फिरवलेलं आणि गाडी मात्र सरळच चाललीय, अगदी सावकाश, आवाज न करता. मी दरवाज्याची मूठ धरून बसलो होतो. नशीब एवढं की ती सरळ गेली ती डोंगराच्या बाजूच्या बर्फाच्या ढिगात गेली. दरी दुसऱ्या बाजूला होती.

त्यानंतर अण्णा, पोरगा आणि मी खाली उतरलो आणि डोंगराच्या कडेनं, गाडीच्या बरंच मागनं चालत राहिलो. मामा एकटे गाडीत. दादा ऐकताय ना, असं मामा दादांना फोनवर एकदाच म्हणाले आणि फोन कट केला.

निकाल

रात्री पावणेदहाला पलचानला पोचलो. कुणाला खरचटलंही नाही. बंपर वाकला, एक हेडलाइट फुटला, ब्रेकचा घासलेला पाइप दुसऱ्या दिवशी मनालीतच बदलला, रेडिएटर रिकामा करून कूलंट भरलं. उसनी आणलेली चेन निकामी झाली. आणि ज्या जेवणासाठी ही सगळी धडपड केली ते जेवण, म्हणजे हॉटेलचा डाळ-भात, आमची माणसं साडेआठलाच जेवून झोपली होती. एका आजींनी तेवढं आमच्यासाठी चार पोळ्या बाजूला काढून ठेवल्या होत्या.

वेगळं काय करता आलं असतं

माझं स्पष्ट मत आहे की मुक्काम करायला पाहिजे होता. दादांनी जेवणाची जबाबदारी घेतल्यावर खाली उतरायला कारणच उरलं नव्हतं. मामा अजूनही म्हणतात की ब्रेकवर पाय गेला नसता तर गाडी सुखरूप आली असती, आणि त्यांचं म्हणणं चूक आहे असं मला म्हणता येत नाही, पण समोर गाडी आडवी आल्यावर ज्याचा पाय ब्रेकवर जाणार नाही असा ड्रायव्हर एका दुपारीत तयार होत नाही.

निघायचंच होतं तर साडेबाराला, बर्फ पडायच्या आत आणि हौद्यात निम्मं वजन असताना निघायचं होतं. टनेलच्या आधी चेन काढायची होती, त्यासाठी चौघांत बोटं गरम असलेला एक माणूस मुद्दाम राखून ठेवायचा होता, म्हणजे एकानं लावायची आणि दुसऱ्यानं काढायची. रबरी हातमोजे पाहिजे होते, लोकरीचे नाहीत. आणि उतारासाठी पुढच्या चाकांनाही चेन पाहिजे होती. चढायला मागची पुरते, उतरताना गाडी वळवायचं आणि रोखायचं काम पुढची चाकं करतात, ही गोष्ट आमच्या कुणाच्या ध्यानातच नव्हती. आम्ही सगळा विचार चढाचा केला होता.

दादांनी त्यानंतर तीन गोष्टी बदलल्या. सिस्सूच्या दिवशीचं जेवण आता मनालीत परतल्यावर असतं, वर फक्त चहा आणि डब्यातला नाष्टा जातो, तोही लोकल गाडीतनं. पिकअपसाठी २१५/७५ आर १५ लिहिलेल्या चेनच्या दोन जोड्या घेतल्या, पुढच्या चाकांना बसवून स्टिअरिंग दोन्हीकडं पूर्ण फिरवून कुठं घासत नाही ना तेही बघितलं. आणि ऑक्टोबरमध्ये, निघायच्या आधी, अक्कलकोट रोडच्या गोडाऊनच्या आवारात मामांनी डोळ्यावर गमछा बांधून चेन लावायची प्रॅक्टिस केली, कारण तिथं अंधारात आणि बधिर हातानं लावायची असते. पहिल्या दिवशी एका चाकाला वीस मिनिटं लागली, आठव्या दिवशी सहा.

पुढच्या हिवाळ्यात मी आणि मामा त्या लाहौली गृहस्थाच्या घरी नवी चेन आणि एक सोलापुरी चादर घेऊन गेलो. चादर त्यानं लगेच बायकोच्या हातात दिली. चेन मात्र हातात घेतली नाही, आधी अंगणात उभ्या असलेल्या स्वतःच्या गाडीजवळ गेला, वाकून टायरवरचा चिखल बोटानं पुसला, आकडा वाचला, मग पेटीवरचा वाचला, आणि मग घेतली.